शीहान सिंड्रोमचे निदान झालेल्या आईची काळजी गावी कशी घ्यावी?

प्रश्न – मराठवाड्याची लेक

सर्वांना नमस्कार. माझ्या आईला नुकतेच शीहान सिंड्रोमचे निदान झाले आहे. हा पीयूषिका, म्हणजेच पिट्युटरी ग्रंथीचा विकार आहे, एवढे मला आता कळले आहे. पण घरी काय करायचे, कशाला घाबरायचे आणि कशाला नाही, हे रुग्णालयातून निघताना मिळालेल्या कागदावरून पुरेसे उमगत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे.

आईचे वय ५३ वर्षे. ती लातूर जिल्ह्यातील आमच्या गावी वडिलांबरोबर राहते आणि मी नोकरीनिमित्त पुण्यात असते. माझ्या धाकट्या भावाचे बाळंतपण घरीच झाले होते. त्या वेळी तिच्या अंगावरून फार रक्त गेले, जीपमध्ये घालून तालुक्याला नेईपर्यंत तिची शुद्ध हरपली होती आणि रक्त चढवल्यावर ती कशीबशी वाचली. त्यानंतर तिला दूध आलेच नाही. भाऊ गाईच्या दुधावर वाढला. पाळीही परत कधी आली नाही. तेव्हा ती तिशीच्या आतच होती, पण "लवकर सुटली, बरे झाले" असे म्हणून आजूबाजूच्या बायकांनी तो विषय तिथेच संपवला.

पुढची सगळी वर्षे ती थकलेलीच असे. थंडी तिला इतरांपेक्षा जास्त बाधायची, काखेतले केस गेले, भुवया विरळ झाल्या, चेहरा फिकट पडला आणि त्यावर वयाच्या मानाने फार लवकर बारीक सुरकुत्या आल्या. दुपारनंतर तिच्याने काम होत नसे, म्हणून भावकीत तिला कामचुकार ठरवण्यात आले. डॉक्टरांकडे गेले की रक्तवाढीच्या गोळ्या मिळत. थायरॉईडसाठीची टीएसएच ही रक्ततपासणी दोन-तीनदा झाली, ती नॉर्मल आली, त्यामुळे थायरॉईडचा प्रश्न नाही असेच आम्हाला सांगण्यात आले. या पावसाळ्यात तिला जुलाब-उलट्या झाल्या, रक्तातले सोडियम फार खाली गेले आणि ती बेशुद्ध झाली. अतिदक्षता विभागातल्या एका तरुण डॉक्टरांनी मला विचारले की, शेवटच्या बाळंतपणात फार रक्तस्राव झाला होता का आणि नंतर दूध आले होते का. इतक्या वर्षांत हा प्रश्न आम्हाला प्रथमच कुणीतरी विचारला होता. शरीराला आजार-ताण सोसायला लागणारे कॉर्टिसॉल, थायरॉईडचे फ्री टी-फोर, दुधासाठीचे प्रोलॅक्टिन ही संप्रेरके (हार्मोन) सगळीच कमी निघाली आणि एमआरआयमध्ये ग्रंथीची जागा जवळजवळ रिकामी दिसली.

आता तिला कॉर्टिसॉलची उणीव भरून काढणारे हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड सकाळी १० आणि दुपारी ५ मिलिग्रॅम असे चालू आहे आणि त्यानंतर काही दिवसांनी थायरॉक्सिनची गोळी सुरू केली आहे. तिच्यात झालेला बदल पाहून आम्ही थक्क झालो आहोत. पण माझ्यापुढे काही प्रश्न आहेत. गावातले लोक सांगतात की स्टिरॉइड म्हणजे विष आहे, हाडे खाते, अंगावर सूज आणते, तेव्हा बरे वाटू लागले की बंद करा. वडीलही त्यामुळे डळमळीत झाले आहेत. ताप किंवा उलट्या झाल्या तर तालुक्याचे रुग्णालय गाठेपर्यंत आम्ही काय करावे? ती एकादशी आणि नवरात्राचे नऊ दिवस धरते, ते चालेल का? हा आजार अनुवंशिक आहे का, कारण पुढे मलाही मूल हवे आहे. आणि शेवटचा प्रश्न औषधाचा नाही. ती म्हणते, "इतकी वर्षं निघाली, उरलेलीही निघतील, माझ्यावर एवढा खर्च कशाला?" तिला काय उत्तर द्यावे ते मला सुचत नाही.

---

उत्तर – अंतःस्राव विभागात काम करणारा एक डॉक्टर

आपण लक्षणांचा क्रम इतका नीट मांडला आहे की, वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवताना तो जसाच्या तसा वापरता येईल. प्रथम एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो: आपल्या आईची हायड्रोकॉर्टिसोनची गोळी कोणत्याही कारणाने बंद होता कामा नये, एक दिवससुद्धा नाही. बाकी सारे यानंतर.

पीयूषिका ग्रंथी मेंदूच्या तळाशी, हाडाच्या एका खोलगट जागेत असते आणि तिचे वजन जेमतेम अर्धा ग्रॅम असते. गरोदरपणात दुधासाठी लागणारे प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या पेशी वाढतात, त्यामुळे ती मोठी होते आणि तिची रक्ताची गरजही वाढते. तिच्या पुढच्या भागाला होणारा पुरवठा मात्र मुख्यतः कमी दाबाच्या बारीक शिरांतून होतो. अशा वेळी बाळंतपणात प्रचंड रक्तस्राव होऊन रक्तदाब कोसळला, तर ग्रंथीचा हा भाग रक्ताविना मरतो. ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञ हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ साली याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून आजाराला त्यांचे नाव मिळाले. जिथे बाळंतपणे सुरक्षित झाली त्या देशांत तो आता विरळा आहे. आपल्याकडे तो अजून आहे आणि बराचसा निदानाविनाच आहे. काश्मीरमध्ये झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, मूल झालेल्या वीस वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे ३ टक्के स्त्रियांना हा आजार असावा असा अंदाज निघाला होता आणि त्यांतल्या जवळजवळ दोन तृतीयांश जणींची बाळंतपणे घरी झालेली होती. आपल्या आईसारख्या, दहा-वीस वर्षे नुसत्या टॉनिकवर काढलेल्या स्त्रिया आमच्या बाह्यरुग्ण विभागात आजही येतात.

टीएसएच नॉर्मल आले म्हणून फसगत कशी झाली, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण पुढेही हाच गोंधळ होऊ शकतो. टीएसएच हे पीयूषिकेचेच संप्रेरक आहे. थायरॉईड ग्रंथी बिघडली तर पीयूषिका जोर लावते आणि टीएसएच वाढते. पण पीयूषिकाच निकामी झाली असेल तर ते वाढणार कुठून? ते नॉर्मल किंवा कमीच दिसते आणि रुग्णाचे थायरॉक्सिन मात्र तळाला गेलेले असते. म्हणून यापुढे आईच्या थायरॉक्सिनची मात्रा फ्री टी-फोर पाहून ठरवायची, टीएसएच पाहून नव्हे. कुणी केवळ टीएसएच कमी आले म्हणून गोळी कमी करायला सांगितली, तर आजाराचे नाव सांगून पुन्हा विचारा. थायरॉक्सिन नंतर सुरू केले हेही योग्यच झाले. शरीरात कॉर्टिसॉल नसताना आधी थायरॉक्सिन दिले, तर उरलेसुरले कॉर्टिसॉल अधिक वेगाने संपते आणि रुग्ण संकटात सापडू शकतो.

आता स्टिरॉइडच्या भीतीविषयी. दमा, संधिवात अशा आजारांत स्टिरॉइड शरीराच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त मात्रेत आणि काही वेळा दीर्घकाळ द्यावे लागते; सूज, मधुमेह, हाडांची झीज हे परिणाम त्या मात्रेचे असतात. आपल्या आईला मिळणारे १५ मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन हे निरोगी शरीर रोज स्वतः तयार करते त्याच्या आसपासचे प्रमाण आहे. प्रौढांना साधारण १५ ते २५ मिलिग्रॅम लागते. हे बाहेरून दिलेले औषध असले तरी काम उणीव भरून काढण्याचे आहे. वडिलांना असे सांगा की, विहिरीचे पाणी आटल्यावर टँकर मागवावा लागतो, आणि चार दिवस घागरी भरल्या म्हणून टँकर थांबवत नाहीत. तिच्या हाडांची चिंता मात्र खरी आहे. तिचे कारण गोळी नसून तिशीच्या आत बंद झालेले स्त्री-संप्रेरक आहे. हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी एकदा जरूर करून घ्या.

ताप, उलट्या, अपघात, शस्त्रक्रिया अशा वेळी निरोगी माणसाचे शरीर कॉर्टिसॉल कैक पटींनी वाढवते. आईचे शरीर ते करू शकत नाही, म्हणून ते आपल्याला करावे लागते. सर्वसाधारण नियम असा की, ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला तर रोजची मात्रा दुप्पट, १०२च्या वर गेला तर तिप्पट करायची, आणि बरे वाटू लागल्यावर, बहुधा दोन-तीन दिवसांत, नेहमीच्या मात्रेवर परत यायचे. गोळी घेतल्यावर अर्ध्या-एक तासाच्या आत उलटी झाली तर गोळी पुन्हा द्यायची. तीही उलटून पडली, किंवा जुलाब थांबत नसतील, गुंगी येत असेल, तर वाट पाहायची नाही. हायड्रोकॉर्टिसोनचे १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन स्नायूत किंवा शिरेत द्यायचे आणि सलाईनसाठी रुग्णालयात न्यायचे. दात काढणे, मोतीबिंदूपासून कोणतीही शस्त्रक्रिया, यांआधीही डॉक्टरांना सांगायचे. हे नियम आईच्या डॉक्टरांकडून तिच्या मात्रेसह, मराठीत, लिहून घ्या.

आजार अनुवंशिक नाही. आणखी एका गोष्टीकडे लक्ष असू द्या: हायड्रोकॉर्टिसोन सुरू झाल्यानंतर आईला सतत तहान लागून रात्रीतून अनेकदा भरपूर लघवी होऊ लागली, तर लगेच कळवा. लघवी आटोक्यात ठेवणाऱ्या, ग्रंथीच्या मागच्या भागाची उणीव कॉर्टिसॉलच्या अभावामुळे कधी कधी झाकली जाते आणि उपचारानंतर उघड होते.

---

उत्तर – कृष्णाकाठची एक रुग्ण

ताई, आपल्या आईच्या जागी मी स्वतःला पाहते आहे. माझे निदान होऊन आता बरीच वर्षे झाली आणि मी शाळेत नोकरी करते, घर सांभाळते, लग्नकार्यांना जाते. डॉक्टरांनी औषधाचे सांगितलेच आहे, म्हणून मी बाकीचे लिहिते.

सुरुवातीला गोळ्यांमुळे जी उभारी येते तिच्यामुळे घरच्यांना वाटते की माणूस पूर्ण बरा झाला, आणि मग अपेक्षा एकदम वाढतात. आईला आता भूक लागेल, हसू येईल, अंगणात वावर वाढेल. पण दुपारी चारच्या सुमारास ती गळून गेली तर त्यात नवल वाटू देऊ नका. गोळीतून मिळणारे कॉर्टिसॉल निरोगी शरीराच्या लयीची बरोबरी करू शकत नाही. मी माझी जड कामे सकाळी उरकते. संध्याकाळी उशिरा गोळी घेतली तर मला झोप लागत नाही, म्हणून दुपारची गोळी मी मधल्या सुट्टीतच घेते. थायरॉईडची गोळी पहाटे उठल्यावर पाण्याबरोबर, आणि चहा-नाश्ता त्यानंतर किमान अर्ध्या तासाने. आई रक्तवाढीची किंवा कॅल्शियमची गोळी अजून घेत असेल तर ती थायरॉईडच्या गोळीनंतर चार तासांनी द्या. एकत्र घेतल्या तर थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही. हे मला औषधाच्या दुकानातल्या काकांनी सांगितले, आणि नंतर डॉक्टरांनी त्याला दुजोरा दिला.

उपवासाचे म्हणाल तर, निर्जळी उपवास मी पूर्ण सोडला. आपल्या शरीरात उपाशीपोटी साखर सावरून धरणारी दोन संप्रेरके, कॉर्टिसॉल आणि वाढीचे संप्रेरक, कमी असतात, त्यामुळे साखर एकदम खाली जाऊ शकते. एकादशीला मी ठरलेल्या वेळी राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाणे, दूध, केळी घेते आणि गोळ्या चुकवत नाही. नवरात्रात नऊ दिवसांऐवजी उठता-बसता, म्हणजे पहिला आणि शेवटचा दिवस, तेही फराळ करून धरते. आमच्या घरी सासूबाईंना हे पटायला वेळ लागला. शेवटी आमच्या गुरुजींनीच त्यांना सांगितले की आजारी माणसाला व्रतातून सूट असते. आपल्या गावातही असे कुणी मानाचे माणूस असेल तर त्यांच्याकडून वदवून घ्या. मुलीच्या शब्दापेक्षा तो शब्द वडिलांच्या पिढीला लवकर पटतो.

आता आपल्या शेवटच्या प्रश्नाविषयी. तो मला औषधाइतकाच महत्त्वाचा वाटतो. ज्या बाईला वर्षानुवर्षे आळशी म्हटले गेले, तिने ते मनोमन स्वीकारलेले असते. मीही स्वीकारले होते. "माझ्यावर खर्च कशाला" या वाक्याच्या मागे काटकसर कमी आणि हे स्वीकारणे जास्त असते. तिला उपदेशाने काही पटणार नाही. तिच्यासमोर, आणि शक्य असेल तर ज्यांनी तिला नावे ठेवली त्या आत्या-काकूंच्या समोर, डॉक्टरांना स्पष्ट सांगायला लावा की ती पंचवीस वर्षे एका गंभीर आजारात, एकाही गोळीविना, चूल, शेत आणि दोन मुले सांभाळत होती. माझ्या बाबतीत माझ्या यजमानांनी हे सर्वांसमोर बोलून दाखवले, तेव्हा मी पहिल्यांदा रडले आणि त्यानंतर गोळ्या घेताना मला कधी अपराधी वाटले नाही. खर्चाचे म्हणाल तर हायड्रोकॉर्टिसोन आणि थायरॉक्सिन या महागड्या गोळ्या नाहीत. तिला महिन्याचा हिशेबच दाखवा. वाढीच्या संप्रेरकाचे इंजेक्शन मात्र फार महाग असते. माझ्या डॉक्टरांनी त्याचा विचार केला नाही आणि मीही त्याविना ठीक आहे.

---

उत्तर – नाशिकहून एक भाऊ

माझ्या धाकट्या भावाची पीयूषिकेच्या गाठीवर नाकातून शस्त्रक्रिया झाली. आजार वेगळा असला तरी परिणाम तोच झाला: आयुष्यभर हायड्रोकॉर्टिसोन आणि थायरॉक्सिन, शिवाय ग्रंथीच्या मागच्या भागालाही इजा झाल्याने लघवी आटोक्यात ठेवणारे डेस्मोप्रेसिन. मला फक्त एका मुद्द्यावर लिहायचे आहे, आणि तो म्हणजे अपघात विभागातली पहिली पंधरा मिनिटे.

एकदा भावाला गॅस्ट्रो झाला. आम्ही त्याला जवळच्या खासगी रुग्णालयात नेले आणि मी हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन द्यायला सांगत राहिलो. तिथल्या कर्तव्यावरच्या डॉक्टरांनी आधी कॉर्टिसॉलची तपासणी करू, अहवाल आला की पाहू, असे सांगितले. तोपर्यंत भावाचा रक्तदाब सत्तरच्या खाली आला होता. मी त्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. हा आजार त्यांनी कदाचित पुस्तकातच पाहिला असेल आणि समोरचा घाबरलेला नातेवाईक बरोबर बोलतो आहे की नाही हे त्यांना कसे कळावे? पण त्या दिवसापासून मी तोंडी सांगण्यावर अवलंबून राहणे सोडले. भावाच्या तज्ज्ञांकडून त्यांच्या नावाच्या कागदावर, सही-शिक्क्यासह एक पत्र घेतले. त्यात आजाराचे नाव, रोजची मात्रा आणि एकच ठळक वाक्य आहे: अहवालाची वाट न पाहता १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन आणि सलाईन त्वरित सुरू करावे. त्याची एक प्रत भावाच्या पाकिटात, एक माझ्या मोबाईलमध्ये आणि एक घराच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवलेली असते. पुढच्या वेळी वेगळ्या ठिकाणी जावे लागले, तेव्हा परिचारिकेने पत्र वाचले आणि इंजेक्शन मिळायला वेळ लागला नाही.

आपले आईवडील गावी दोघेच असतात, म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की, पुण्याहून गावी जाल तेव्हा तालुक्याच्या ज्या रुग्णालयात त्यांना रात्री-अपरात्री नेले जाईल, तिथे आधीच एकदा आईला घेऊन जा. तिथल्या डॉक्टरांना पत्र दाखवा, प्रत द्या, हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन त्यांच्याकडे असते का ते विचारा. शुद्धीत असलेल्या, चालत आलेल्या रुग्णाशी डॉक्टरांची एकदा ओळख झाली की पुढच्या वेळी सगळे सोपे जाते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावताना "स्टिरॉइडवर असलेली रुग्ण, उलट्या, रक्तदाब कमी" एवढे शब्द वडिलांना पाठ असू द्या. गोळ्यांचाही साठा ठेवा. तालुक्याच्या दुकानात हायड्रोकॉर्टिसोनची गोळी नेहमी मिळतेच असे नाही, म्हणून आमच्याकडे एक महिन्याच्या गोळ्या कायम शिल्लक असतात. त्या मिळेनाशा झाल्याच तर त्यांच्याऐवजी प्रेडनिसोलोन हे दुसरे स्टिरॉइड किती द्यायचे, हेही डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, कारण प्रेडनिसोलोन जवळपास सर्वत्र मिळते आणि मिलिग्रॅमला मिलिग्रॅम असा त्याचा हिशेब नसतो.

---

उत्तर – निवृत्त आरोग्यसेविका

मी मराठवाड्यातच उपकेंद्रावर नोकरी केली. लेकीने लिहिलेले वाचून मला माझ्या गावांतल्या कितीतरी बायकांचे चेहरे आठवले आणि मन फार अस्वस्थ झाले. बाळंतपणात कोण वाचले आणि कोण गेले याची नोंद आम्ही ठेवत असू. वाचलेल्या बाईचे पुढे काय झाले, हे विचारण्याची रीत नव्हती. म्हणून मला या निमित्ताने आशाताई, अंगणवाडी ताई आणि गावपातळीवरच्या सर्व डॉक्टरांना विनवायचे आहे. एखादी बाई सतत थकलेली, फिकट, थंडीने कुडकुडणारी दिसली आणि रक्तवाढीच्या गोळ्यांनी तिच्यात फरक पडत नसेल, तर तिला विचारा की शेवटच्या बाळंतपणात रक्त फार गेले होते का, दूध आले होते का, पाळी परत आली होती का. हे विचारायला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. उत्तरे संशय वाढवणारी असतील तर तिला जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवा. एखाद्या बाईला कारण न कळता पुन्हा पुन्हा सोडियम किंवा साखर कमी होऊन दाखल करावे लागत असेल, तर तिच्या बाबतीत तर हे विचारलेच पाहिजे. अंतःस्राव विभाग, म्हणजे संप्रेरकांच्या आजारांचा विभाग, सगळीकडे नसतो; मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात तो आहे आणि तिथे पीयूषिकेच्या आजारांचे रुग्ण राज्यभरातून येतात.

लेकीच्या स्वतःच्या बाळंतपणाविषयी सांगते. आईला झाले म्हणून तुला होईल असे नाही, हे डॉक्टरांनी सांगितलेच आहे. हा आजार होतो तो रक्तस्रावामुळे, आणि तो बऱ्याच अंशी टाळता येतो. गरोदरपणात हिमोग्लोबिन वेळच्या वेळी तपासून घे, कारण रक्त आधीच कमी असलेल्या बाईला थोडाही रक्तस्राव झेपत नाही. जिथे रक्त उपलब्ध होऊ शकते अशाच ठिकाणी बाळंतपण कर. बाळ बाहेर आल्याबरोबर आईला ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन देतात, त्याने गर्भाशय आवळते आणि रक्तस्राव कमी होतो. जागतिक आरोग्य संघटनेचीही हीच शिफारस आहे. बाळंतपणानंतर अर्धा लिटरपेक्षा जास्त रक्त गेले तर तो अतिरक्तस्राव समजतात. घरच्या बाळंतपणात ते मोजायला कुणीच नसे. कपडे बदलले जात आणि कुणाच्या लक्षातही येत नसे.

---

प्रश्नकर्तीचे पुन्हा

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल मी ऋणी आहे. वडिलांना मी डॉक्टरांचे उत्तर फोनवर वाचून दाखवले. टँकरचे उदाहरण त्यांना ताबडतोब पटले, आमच्या भागात ते कुणालाही पटेल. कृष्णाकाठच्या ताईंचे लिहिणे मी आईला प्रत्यक्ष भेटीतच वाचून दाखवणार आहे, आणि त्या वेळी आत्याही घरी असेल असे पाहणार आहे.

एक शंका उरली. आमचे गाव तालुक्यापासून लांब आहे आणि पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की रस्ता काही तास बंद पडतो. अशा वेळी इंजेक्शन घरी ठेवता येईल का, आणि ते द्यायचे कुणी?

---

उत्तर – अंतःस्राव विभागात काम करणारा एक डॉक्टर

ठेवता येईल, आणि आपल्या परिस्थितीत ते ठेवलेच पाहिजे. हायड्रोकॉर्टिसोन सोडियम सक्सिनेट या नावाने १०० मिलिग्रॅमची भुकटीची कुपी मिळते. ती इंजेक्शनसाठीच्या निर्जंतुक पाण्यात विरघळवून मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत द्यायची असते. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी घ्या आणि दोन कुप्या, निर्जंतुक पाणी, सिरिंज व सुया, डॉक्टरांचे पत्र आणि मात्रांचा कागद हे सारे एका डब्यात एकत्र ठेवा. भुकटी फ्रिजमध्येच ठेवावी लागते असे नाही. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात जिथे फार तापते तिथे मात्र ती ठेवू नका, आतल्या गार, कोरड्या कोनाड्यात ठेवा. वापराची अंतिम तारीख मोबाईलमध्ये नोंदवून ठेवा आणि ती उलटण्याआधी कुपी बदला.

देणाऱ्या व्यक्तीविषयी सांगायचे तर, शक्यतो दोघांना शिकवा. पुढच्या भेटीत वडिलांना बरोबर आणा. आमच्याकडे परिचारिका नातेवाइकांना साध्या पाण्याने सराव करून दाखवतात, आणि मधुमेहासाठी इन्सुलिन देणारी कितीतरी कुटुंबे असे काम रोज करतात. वडिलांचा हात थरथरत असेल तर शेजारच्या एखाद्या तरुणाला किंवा उपकेंद्रातल्या परिचारिकेला आधी विचारून ठेवा. एक बाब वडिलांना नक्की समजावून सांगा: आई उलट्यांनी मलूल झाली असेल आणि इंजेक्शन द्यावे की नाही अशी शंका आली, तर ते द्यावे. अनावश्यक दिल्या गेलेल्या एका मात्रेने तिचे काही बिघडणार नाही. ती द्यायची राहून गेली तर मात्र जिवावर बेतू शकते. इंजेक्शन दिल्यानंतर ती तरतरीत दिसली तरी रस्ता मोकळा होताच तिला रुग्णालयात न्यायचे, कारण पुढच्या २४ तासांत आणखी हायड्रोकॉर्टिसोन आणि सलाईन लागते, आणि उलट्यांचे मूळ कारणही शोधावे लागते. तोवर ती शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल, तर ओआरएस घोट-घोट देत राहा.